एका रात्रीचा ताळेबंद

या सदरातून मी आजवर मुदत ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र अशाच विषयांवर लिहीत आलो आहे. त्यामुळे या महिन्यात मी रॉक संगीताच्या कार्यक्रमाविषयी लिहितो आहे, हे पाहून नियमित वाचकांना आश्चर्य वाटेल. मलाही ते वाटलेच होते.

निमित्त झाले सांगलीहून आलेल्या एका दूरध्वनीचे. माझा धाकटा भाऊ हळदीचा व्यापारी. त्याची कन्या पुण्यात सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी मित्रांच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवते. भाऊ म्हणाला, “अण्णा, पोरगी शनिवारी रात्री अकरा-अकरापर्यंत असते कुठं, ते एकदा तुम्ही डोळ्यांनी बघून या. तुम्ही सांगाल तसं करू. नाहीतर तिला इकडंच बोलावून घेतो.” म्हणजे मी निघालो तो रसिक म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून. माझ्या अहवालावर त्या मुलीचे पुण्यातील वास्तव्य अवलंबून होते आणि तिला याची कल्पना नाही, असे मी समजत होतो.

आपल्याकडे बँड म्हटला की वरातीतील लाल कोटवाले वादक डोळ्यांपुढे येतात. हे बँड निराळे. यांना ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे मोठ्या संगीत कंपनीच्या आधारावाचून स्वतःची गाणी स्वतः रचून वाजवणारे. ही परंपरा आपल्या राज्यात अगदी नवी नाही. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा बँड निघाला आणि परकी गाणी वाजवण्याच्या त्या काळात त्याने स्वतःच्या गाण्यांची ध्वनिफीत काढली. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. धोबीतलावच्या रंगभवनाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. पुण्यात २०१० साली ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. पण महोत्सव वर्षातून एकदा. बाकीचे वर्षभर हे संगीत जगते ते शंभर-दीडशे माणसांच्या लहान दालनांत.

असेच एक दालन कोरेगाव पार्कात होते. “अण्णा, पाचलाच या, साउंड चेक बघा,” असे तिने बजावले होते, म्हणून वेळेवर पोहोचलो. साउंड चेक म्हणजे कार्यक्रमापूर्वी प्रत्येक वाद्याचा आवाज स्वतंत्रपणे तपासून मग सर्वांचा मेळ घालणे. पुतणी पायाने मोठा ड्रम एकसारखा वाजवत होती आणि मागे बसलेला ध्वनितंत्रज्ञ यंत्रावरील खुंट्या फिरवत होता. एकट्या त्या ड्रमला दहा मिनिटे लागली. कोणी कंटाळले नाही, कोणी घड्याळ पाहिले नाही. शाखेत दिवसअखेर रोकड जुळेपर्यंत कोणी जागचे उठत नसे, त्याची मला आठवण झाली.

साडेपाचला तिने पिशवीतून डबा काढला. सूर्यास्तापूर्वी आम्ही दोघे तेथेच एका बाकावर जेवलो. तिच्या तिन्ही सहकाऱ्यांना हे इतके सवयीचे झाले होते की त्यातील एकाने न सांगता आमच्यासाठी पाण्याची सोय केली.

आठ वाजता कार्यक्रम सुरू झाला. तीन बँड, प्रत्येकाला सुमारे पाऊण तास. श्रोते नव्वदच्या आसपास. आरंभीच पुतणीने माझ्या हातात फोमची दोन बोंडे ठेवली आणि “कानात घाला, मीही घालते” म्हणाली. ही शिस्त मला महत्त्वाची वाटली. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच चालतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. चक्रवाढ व्याजाइतकेच हे गणित निर्दय आहे आणि गेलेली श्रवणशक्ती परत जमा होत नाही.

संगीत मला सगळे समजले, असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या बँडच्या गिटारची तार मध्येच तुटली, तेव्हा पुतणीच्या बँडमधील मुलाने क्षणात आपली गिटार पुढे केली. तार बदलेपर्यंत पुतणीचा बँड थांबला. स्पर्धक म्हणून आलेली माणसे असे वागत नाहीत. तिचा बँड शेवटी वाजला. एक गाणे मराठीत होते, भाड्याच्या खोलीत एकटीने काढलेल्या तापाविषयी. तिला असा ताप येऊन गेला, हे मला त्या गाण्यातूनच कळले. पुण्यातच राहणाऱ्या काकाला हे ऐकायला तिकीट काढावे लागले, याची खंत अजून जात नाही.

आता हिशेब. ४०० रुपयांची ९० तिकिटे, म्हणजे ३६,००० रुपये. त्यातील तीस टक्के जागेचे. उरलेल्या २५,२०० रुपयांचे तीन वाटे, प्रत्येकी ८,४००. सरावाच्या खोलीचे भाडे ४,००० आणि वाहनखर्च १,२०० वजा जाता ३,२०० रुपये, चौघांत प्रत्येकी ८००. महिनाभराच्या कष्टांचे हे मोल. कर्जप्रस्ताव म्हणून हे कागद माझ्यापुढे आले असते, तर मी ते परत पाठवले असते. ते परत पाठवणेही योग्यच ठरले असते, कारण या खटाटोपाला व्यवसाय म्हणताच येत नाही.

नावेच्या बाजूलाही लिहिले पाहिजे. दालनाच्या मागील भिंतीला मद्याचा बार होता आणि जागेचा खर्च मुख्यतः त्यावरच निघतो. भावाची काळजी निराधार नव्हती. मात्र मंचावरील एकाही मुलाच्या हाती त्या रात्री पाण्याखेरीज काही दिसले नाही.

परतताना रिक्षात ती शांतपणे म्हणाली, “अण्णा, अहवाल काय देणार?” मला उत्तर सुचेना. तपासनीसच पकडला गेला होता.

दुसऱ्या दिवशी भावाला मी सारे सांगितले; बारही सांगितला, आठशे रुपयेही सांगितले आणि तापही सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने एवढेच विचारले, “जेवली होती का?” मी डब्याची हकीकत सांगितली. “बरं,” म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचा निर्णय अजून कळलेला नाही. मी मात्र माझी शिफारस केली आहे : मुलीला बोलावू नकोस, तूच एकदा ये.

वाचकहो, आपल्या घरातही असे एखादे मूल असेल. ऐकीव माहितीवर शेरा मारण्यापूर्वी एकदा तिकीट काढून समोर बसावे. आणि या संगीताला मद्यालयाचे छप्पर लाभते, हे आपल्याला खटकत असेल, तर दुसरे छप्पर देणे आपल्याच हाती आहे. आपली कितीतरी सभागृहे आणि मंगल कार्यालये बिनमुहूर्ताच्या दिवसांत कुलूपबंद असतात. सायंकाळी सहा ते नऊ, माफक भाडे, दारे बंद ठेवून मर्यादित आवाज, एवढ्या अटींवर त्यातील एखादे उघडून पाहण्यास काय हरकत आहे? पहिल्या कार्यक्रमाचे भाडे मी भरीन. कानांत घालायची बोंडे मात्र प्रत्येकाने आपापली आणावीत.