फुग्याच्या आत कोण, बाहेर कोण?

मंडळी, कोरोनाचा विषय काढला की हल्ली नातवंडं "आजोबा, पुरे आता" म्हणतात. पण पुढची साथ येणारच नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही. म्हणून त्या काळात बंद पडलेले व्यावसायिक खेळ पुन्हा कसे सुरू केले, त्यात काय जमलं आणि काय फसलं, हा हिशेब आत्ताच डोकं शांत असताना मांडावा असं वाटतं.

सुरुवात चांगली झाली होती. जुलै २०२० मध्ये इंग्लंड-वेस्ट इंडीज कसोट्या साउदॅम्प्टन आणि मँचेस्टर इथेच खेळवल्या, कारण तिथे मैदानाला लागूनच हॉटेल आहे. बाहेर पडायचा प्रश्नच नाही. प्रेक्षक नाहीत, चेंडूला थुंकी लावायची नाही. जोफ्रा आर्चर दोन कसोट्यांच्या मधे स्वतःच्या घरी डोकावून आला, तर त्याला दुसऱ्या कसोटीतून वगळलं. मास्तरकी केलेल्या माणसाला हे पटतं. नियम वर्गातल्या हुशार मुलालाही लागू झाला, तरच बाकीचे तो पाळतात.

आपल्या शेजारी गोव्यात २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगचे सगळे ११५ सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशा तीनच मैदानांवर झाले. अकरा संघ, पण विमानप्रवास नाही. त्याच वर्षी आयपीएलही अमिरातीत दुबई, अबुधाबी आणि शारजा इथे पार पडली. तिथेही सगळा प्रवास रस्त्यानंच.

मग २०२१ साली काय झालं? एप्रिलमध्ये आयपीएल भारतात सुरू झाली. आधी चेन्नई-मुंबई, नंतर अहमदाबाद-दिल्ली. वानखेडेवर तर स्पर्धेच्या आधीच मैदानावरचे कर्मचारी बाधित निघाले होते. शेवटी खेळाडूंनाही लागण झाली आणि ४ मे रोजी, २९ सामन्यांनंतर स्पर्धा थांबवावी लागली. उरलेली सप्टेंबरात पुन्हा अमिरातीत!

म्हणजे फुगा हा काही ताईत नव्हे. गोव्यात जानेवारी २०२२ मध्ये तीच व्यवस्था असूनही काही सामने पुढे ढकलावे लागले होते. बाहेर आग लागली की धूर आत येतोच. खेळपट्टीवर पाणी मारणारा, बस चालवणारा, जेवण रांधणारा, हे रोज घरी जाणार असतील तर खेळाडूंच्या शंभर चाचण्या करून काय उपयोग? त्यांची राहण्याची सोय आणि पगारी रजा हा खर्च पहिल्या पानावर हवा, तळटीपेत नको.

दुसरं, थांबायचं कधी हे आधीच ठरलेलं असावं. दिल्लीत लोक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी वणवण फिरत होते आणि त्याच शहरात षटकारांवर संगीत वाजत होतं. घरात बसलेल्यांना तेवढाच विरंगुळा, हा युक्तिवाद मी ऐकला आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. पण ज्या गावात रुग्णाला खाट मिळत नाही, तिथे रुग्णवाहिका, डॉक्टर आणि चाचण्या खेळासाठी राखून ठेवू नयेत. हा नियम स्पर्धेच्या करारातच असावा. संघ आजारी पडेपर्यंत वाट कशाला पाहायची?

तिसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. डिसेंबर २०२१ मध्ये प्रो कबड्डी एकट्या बंगळूरमध्ये, प्रेक्षकांविना सुरू झाली. ज्या खेळात पकड म्हणजे मिठीच, तोही पैसा असला की चालवता येतो. आणि शाळांची मैदानं? ती कितीतरी महिने ओस पडली. तालमी बंद, तालुक्याच्या स्पर्धा बंद. चौदा वर्षांखालच्या गटात खेळायचं एखाद्या मुलीचं वर्ष एकदा गेलं की ते परत येत नाही. उघड्या मैदानावर चार-चारच्या गटांत धावणं, उड्या, नेमबाजीचा सराव, एवढं तरी आधी सुरू करता आलं असतं. त्याला ना हॉटेल लागतं ना विमान.

व्यावसायिक खेळ बंद ठेवा असं माझं म्हणणं नाही. त्यावर हजारो घरांच्या चुली पेटतात. पण पुन्हा दार उघडताना रांगेत सगळ्यात पुढे कोण आणि सगळ्यात मागे कोण, हे फक्त तिजोरी पाहून ठरू नये.

असो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. मतभेद असला की लिहायला अधिक मजा येते.