चित्र मागवलं, कथा पाठवली नाही

कथा मराठवाड्यातल्या ज्वारीच्या काढणीची आणि शेजारच्या पानावर चित्र कमरेइतक्या सोनेरी पिकाचं. त्यात घुंगट घेतलेल्या चार बाया, हातात चकचकीत विळे. अशी चित्रं दिवाळी अंकांत आता नवलाची राहिलेली नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातल्या कुठल्याही शाळकरी पोरापुढे असं पान धरा. हा गहू आहे आणि या बाया आपल्याकडच्या नाहीत, हे तो लगेच सांगेल. रब्बीची मालदांडी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. आपल्याकडे ती वाकून मुळासकट उपटायची रीत. दिवसभर उपटून तळहात सोलवटतात, ढेकळांची माती नखांत बसते. मग पेंढ्या, मग कणसं मोडणं. हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून कथेत येतं. चित्रातल्या हातांना मात्र ओरखडासुद्धा नसतो.

असं चित्र दिसलं की ते माणसाने काढलं की एआयने, अशी चर्चा सुरू होते. त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही : काढणाऱ्याला कथा वाचायला दिली होती का? हल्ली बरीच कामं व्हॉट्सॲपवर येतात. ‘ग्रामीण कथा आहे, बाई, शेत, थोडं उदास. उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा.’ एवढ्यावर माणूस काय काढणार? तो गुगलवर ‘शेतात काम करणारी स्त्री’ शोधतो आणि समोर येतो तो पंजाब. यंत्रही तेच करतं, फक्त जास्त वेगाने आणि मानधन न मागता. संपादकाने चित्रकाराला आधीच यंत्रासारखं वागवलेलं असतं. नंतर यंत्र आणलं तर त्याला ते स्वस्त पडलं, इतकंच.

मागणीबरहुकूम केलेलं काम म्हणजे दुय्यम काम, असं समजणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी घरांत चित्र अंकांतूनही शिरत गेलं. अंकांतले मोठे चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ काढलं, तरी दुसऱ्यांची मुखपृष्ठं, कथाचित्रं, कॅलेंडरं यांची कामं त्यांच्याकडे येतच राहिली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना मुळगावकरांची मुखपृष्ठं असायची. हे सगळं तारखेच्या धाकात, छापखाना खोळंबलेला असताना केलेलं काम.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली, पण पूर्णेहून मुंबई आजही रेल्वेने रात्रभराची. पूर्णा जंक्शन असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या भरपूर. कलादालन मात्र त्यांतल्या एकाही गाडीने इकडे आलं नाही. इकडच्या वाचकाला रंग, रेष, शरीराची ठेवण दिसली ती अंकाच्या मुखपृष्ठावर. ती पानं कापून, काच लावून भिंतीवर टांगणारी घरं मराठी मुलखात कमी नव्हती. वाचनालयाने मुखपृष्ठावर नेमका चेहऱ्यावरच शिक्का मारला, तरी चित्र पाहिलं जायचं. (शिक्का मारणाऱ्यांचं चेहऱ्याशी काय वैर असतं, कोण जाणे.)

मागणीबरहुकूम कामाचं दुसरं उदाहरण व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांचं. पेशाने इंजिनिअर, एसीसी कंपनीत नोकरी. ‘ललित’ मासिकातलं ‘ठणठणपाळ’ हे सदर लिहिणारे जयवंत दळवी पडद्याआड होते. सरवट्यांनी त्या नावाला चेहरा दिला, अंग दिलं, मिस्कीलपणा दिला. पुढे वाचकांच्या डोळ्यांपुढे ठणठणपाळ म्हणून दळवी येईनात, सरवट्यांचा माणूस येऊ लागला. मजकूर पुरता पचवल्याशिवाय अशी रेष उतरत नाही. आजही चंद्रमोहन कुलकर्णी, अन्वर हुसेन यांच्यासारखे चित्रकार मुखपृष्ठं आणि आतली चित्रं गंभीरपणे करतात, म्हणजे माणसं संपली आहेत असं नाही. त्यांच्यापर्यंत न पोहोचता, वेळ न देता काम उरकणारे वाढले आहेत.

आता कायद्याकडे बघू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ चित्रकाराच्या बाजूचं फारसं नाही. मोबदला देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि उलट करार नसला, तर हक्काचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो. पगारावर असलेल्या चित्रकाराने मासिकासाठी काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. तिथे मालकाचा हक्क नियतकालिकांतल्या प्रसिद्धीपुरता, बाकीचा चित्रकाराचा. म्हणजे बाहेरून काम करणारा, ज्याच्यामागे संस्था नाही, तोच जास्त उघडा पडतो. पण कलम ५७ त्यालाही वाऱ्यावर सोडत नाही. हक्क दुसऱ्याकडे गेला तरी ‘हे मी काढलं’ असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड केली तर दादही मागता येते. आणि आपल्याकडची पद्धत काय? अनुक्रमणिकेच्या तळाशी, टंकलेखन आणि मुद्रितशोधनाच्या शेजारी, ‘सजावट’ या शब्दापुढे तीन-चार नावं एका ओळीत. कोणतं चित्र कुणाचं, ते वाचकाने ओळखायचं. कथालेखकांची नावं अशी एकत्र बांधून छापून बघा, दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागतील.

परभणीत राहून लिहिणाऱ्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथलं शेत, इथली बाजारपेठ, इथली माणसं आता मराठी कथेच्या मधोमध आली आहेत. त्यांची चित्रं पुण्या-मुंबईत बसून काढायला हरकत काहीच नाही. दलाल-मुळगावकरांनी तरी मराठवाड्याच्या ज्वारीत कुठे पाय ठेवला असेल? फक्त कथा पूर्ण पाठवावी, शक्य तर रानाचे दोन-चार फोटो लेखकाकडून मागवावेत, आठ दिवस द्यावेत, पैसे ठरवून द्यावेत आणि चित्राखाली नाव छापावं. यंत्राकडून करून घेतलं असेल तर तेही तिथेच लिहावं, म्हणजे गव्हातल्या बायांचा दोष कुणा चित्रकाराच्या माथी बसणार नाही. एवढंही जमणार नसेल तर ती जागा जाहिरातवाल्याला द्यावी. बियाण्याची कंपनी निदान खऱ्या कणसाचा फोटो पाठवते.