माळ राखला तर लांडगा राहील

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या वनक्षेत्राला राज्य सरकारने २०२३ मध्ये संवर्धन राखीवचा दर्जा दिला. क्षेत्र जेमतेम साडेनऊ चौरस किलोमीटर. लांडग्याचा वावर हे या निर्णयामागचे एक ठळक कारण होते. माणदेशाच्या माळाकडे आजवर पडीक जमीन म्हणूनच पाहिले गेले. त्या माळाची किंमत सरकारदरबारी लागली, याचे स्वागत केलेच पाहिजे. मात्र तेवढ्यावर थांबता येणार नाही. लांडग्यांचा एक कळप पोटासाठी शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचा मुलूख पालथा घालतो. आटपाडीतून निघालेला लांडगा म्हसवड, दहिवडी किंवा सांगोल्याच्या बाजूला जाताना तालुका आणि जिल्हा विचारत नाही. राखीव क्षेत्र म्हणजे त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम. बाकीचा मुलूख मोकळाच राहिला, तर तेवढ्या मुक्कामावर तो जगणार नाही.

लांडगा हवाच कशाला, असा प्रश्न मेंढरे राखणाऱ्याने विचारला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर याच सांगली जिल्ह्यात सापडते. स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून सागरेश्वरचे उघडेबोडके डोंगर हिरवे झाले आणि १९८५ मध्ये सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. माणसाने उभे केलेले जंगल म्हणून महाराष्ट्राने त्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. तिथे सोडलेली सांबरे, चितळे आणि काळवीट वाढत गेली. पण त्यांना धाकात ठेवणारा मोठा शिकारी प्राणी त्या रचनेत नव्हता. हरणे कुंपणाबाहेर पडून आसपासच्या शेतांत चरू लागली आणि शेतकऱ्यांची ओरड सुरू झाली. मोहित्यांच्या कामाला यात उणेपणा येत नाही. भक्ष्य आणले आणि भक्षक आणला नाही तर हिशेब अपुरा राहतो, एवढेच सागरेश्वर सांगते.

असाच धडा अमेरिकेतूनही मिळतो. तिथल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस या मोठ्या हरणांची मोजदाद सुरू आहे. अंतर्गत प्रजननाने खंगलेल्या तिथल्या लांडग्यांची संख्या २०१६ पर्यंत दोनवर आली. मूसची संख्या वाढत दोन हजारांच्या घरात गेली आणि बेटावरची कोवळी झाडे ओरबाडली गेली. शेवटी २०१८ मध्ये बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले.

याचा अर्थ लांडगा सोडला की सगळे सुरळीत होते, असा मात्र घेऊ नये. माणदेशात भक्ष्याची संख्या आधी पाऊस ठरवतो. पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पडणारा पाऊस एखाद्या साली दगा देतो, गवत उगवत नाही आणि ससा, चिंकारा आपोआप रोडावतात. त्यापाठोपाठ लांडग्याची पिल्लेही जगत नाहीत. भक्षक भक्ष्याला आवरतो, तसेच भक्ष्यही भक्षकाला आवरते. लांडग्याचे काम या चढउताराच्या आतले आहे. आजारी, लंगडे, मागे राहिलेले जनावर तो आधी गाठतो. रानडुकराची पिल्ले उचलतो. त्याच्या चाहुलीने चरणारी जनावरे एका जागी ठाण मांडत नाहीत आणि गवताला उसंत मिळते. मका-भुईमुगात घुसणाऱ्या रानडुकरांना कंटाळलेल्या शेतकऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

लांडग्याच्या जागी आता दुसराच शिकारी येतो आहे, आणि आमच्या मते धोका तिथे आहे. तो म्हणजे मोकाट कुत्रा. गावाबाहेरच्या कचऱ्यावर आणि कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर त्याचे पोट भरते. त्यामुळे ससे-चिंकारे कमी झाले तरी कुत्री कमी होत नाहीत. लांडग्याला भक्ष्याच्या टंचाईचा लगाम आहे, कुत्र्याला तो नाही. म्हणूनच कुत्र्यांची टोळी माळ पार रिकामा करू शकते. तीच कुत्री लांडग्यांना रोग देतात. पुण्याजवळच्या माळांवर तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. देशात लांडगे साधारण तीन हजार, महाराष्ट्रात चारशेच्या आसपास, असा भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांचा २०२२ मधला अंदाज आहे. वाघाच्या गणनेची बातमी पहिल्या पानावर येते, पण वाघाहून कमी असलेला हा प्राणी आतल्या पानावरही दिसत नाही.

आणि त्याला जगवतो कोण? सोलापूरजवळ नान्नजला काळवीट आहेत म्हणून तिथला लांडगा काळविटावर जगला. जिथे रानचे भक्ष्य उरले नाही तिथे तो मेंढरावर येतो. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त ज्या मेंढक्यांचे जग मराठी वाचकापुढे ठेवले, त्यांच्याच वारसांच्या कळपातून लांडग्याचा घास जातो. वाघर म्हणजे जाळीचे कुंपण लावून, कुत्री बांधून, रात्र जागून मेंढके मेंढरे राखतात, आणि तरी एखादे गेले तर लांडग्याचा वाटा म्हणून सोसत आले आहेत. ही सोशिकता गृहीत धरणे अन्याय आहे. नुकसानभरपाईच्या यादीत लांडगा आहे. पण मेलेले मेंढरू जागेवर ठेवून पंचनाम्याची वाट पाहायची, आणि वाडा तर सकाळी पुढच्या शिवारात हलवायचा, हे भटक्या मेंढक्याला जमावे कसे? भ्रमणध्वनीवरचे छायाचित्र आणि जागेची नोंद पुरावा म्हणून धरून पैसे थेट खात्यात जमा करावेत. गावातल्या भूधारकाच्या सोयीने केलेले नियम फिरत्या माणसाला लावू नयेत.

टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या सिंचन योजनांचे पाणी माणदेशात आले, येत आहे. पिढ्यान् पिढ्या दुष्काळ भोगलेल्या माणसाचा तो हक्क आहे आणि त्यावर वाद नाही. पण पाणी आले म्हणून शेवटचा माळही नांगराखाली किंवा सौर पत्र्यांखाली घालायचा का, हे आजच ठरवावे लागेल. ज्या माळावर गवतच उगवायचे, तिथे खड्डे काढून गिरिपुष्पाची रोपे लावणे हे वनीकरण नव्हे. गवताचा माळ मोडणे ते. वन विभागाने सातारा, सांगली आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांतले माणदेशी माळ एका नकाशावर आणावेत आणि लांडग्याच्या वाटा त्यात धराव्यात. गावांनी कचऱ्याचा आणि कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा प्रश्न अंगावर घ्यावा.

लांडग्याची पिल्ले बहुधा थंडीच्या तोंडाशी आणि ऐन थंडीत, ओढ्याकाठच्या घळीत किंवा माळावरच्या बिळात जन्मतात. त्या महिन्यांत माणदेशच्या ग्रामपंचायतींनी आणि वन विभागाने अशा घळींजवळ यंत्राने चर खोदू नयेत, ही आमची पहिली मागणी आहे. तिला एक पैसाही खर्च येत नाही.