जेवत नाही म्हणजे रुसलं असं नाही!

आपल्याकडे भिंतीवर पाल दिसली की निम्म्या घराचा हात झाडूकडे जातो आणि उरलेलं निम्मं घर खुर्चीवर चढतं. मनात संशय आला, तर आपण तोही पालीच्याच तोंडी घालतो. शंकेची पाल चुकचुकली, म्हणतो! तिकडे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जर्मनीत मात्र हौशी मंडळी पाल पैसे मोजून विकत आणतात, काचेच्या पेटीत ठेवतात, तिला लाडाचं नाव देतात. परदेशातल्या मुलाकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांना नातवाच्या खोलीत अशी पेटी दिसली, तर पहिला धक्का पालीचा बसतो. दुसरा बसतो तो तिच्यासाठी फ्रिजमध्ये ठेवलेल्या अळ्यांच्या डब्याचा!

या हौशी घरांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. पिल्लू आणलं खरं, पण ते काही खातच नाही. दोन दिवस झाले, चार दिवस झाले, समोर किडा सोडला तरी ढुंकून बघत नाही. मग घरातल्यांचा जीव खालीवर होतो आणि निदान होतं, ‘फार हट्टी आहे हो!’ मूल जेवत नसलं की आपण जे म्हणतो, तेच. पण मुलाला चिऊचा घास, काऊचा घास म्हणत भरवता येतं. पालीच्या पिल्लाला काऊचं कौतुक नसतं आणि हट्ट तर ठाऊकच नसतो. ते खात नाही, याचा अर्थ त्याच्या भोवतालचं काहीतरी चुकतंय. ते काय, हे शोधणं हेच पाळणाऱ्याचं काम.

पाळल्या जाणाऱ्या पालींमध्ये सर्वांत लोकप्रिय आहे लेपर्ड गेको. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात म्हणून हे नाव. पिल्लांच्या अंगावर मात्र काळे-पिवळे पट्टे असतात, ठिपके वयानुसार येतात. ही पाल मूळची आपल्याच शेजारची. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागात ती राहते. शास्त्रीय जगाला तिची ओळख करून दिली ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ यांनी, १८५४ साली. इतर बहुतेक पालींना पापण्या नसतात, हिला आहेत. बोटांना चिकटपट्ट्या नाहीत, त्यामुळे ती काचेवर चढत नाही. जाडजूड शेपटीत चरबीचा साठा असतो. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. पण जन्मतः हा जीव केवढा? लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, वजन सुमारे ३ ग्रॅम! मोठी पाल शेपटीच्या साठ्यावर काही दिवस उपास काढू शकते. पिल्लाची शिदोरी मात्र फारच तुटपुंजी. म्हणून त्याच्या न खाण्याकडे काणाडोळा करून चालत नाही.

मग ते खात का नाही? कारणं एकेक करून पाहू.

पहिलं कारण वयाचं. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू पहिले काही दिवस खातच नाही. अंड्यातल्या बलकाचा अंश त्याच्या पोटात असतो, त्यावर ते भागवतं. पहिली कात टाकली, ती कात स्वतःच खाल्ली, की मग त्याला शिकार सुचते. पुढेही प्रत्येक वेळी कात टाकण्याच्या सुमारास अंग पांढुरकं पडतं आणि भूक मंदावते. त्यात काळजीचं काही नसतं.

दुसरं कारण भीतीचं. नवं घर, नवे वास, काचेवर टकटक करणारी मुलं. पिल्लाच्या लेखी आपण सारे राक्षसच! पहिला एक-दीड आठवडा त्याला हातात घ्यायचं नाही. पेटीच्या उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, अशा लपायच्या दोन जागा हव्यात. तिसऱ्या जागेत ओलसर शेवाळ किंवा ओला टिश्यू पेपर ठेवावा, तिथे कात सहज सुटते. पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली असावी. तळाला मोकळी वाळू नको, साधा कागदी रुमाल बरा. किड्याबरोबर वाळू पोटात गेली तर आतडं तुंबतं.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित. उष्णता! आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं, पालीचं तसं नाही. तिला ती बाहेरून घ्यावी लागते आणि अन्नही त्याच उबेवर पचतं. पेटीच्या उबदार टोकाला जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश असावं लागतं. पेटी गार असेल तर पचनच मंदावतं, पिल्लू खात नाही आणि खाल्लेलं कधी कधी ओकून टाकतं. थंड देशातल्या घरात हिवाळ्यात हे सहज घडतं. खोली माणसाला उबदार वाटली म्हणून ती पालीला पुरते असं नाही. हाताने चाचपून अंदाज करू नये, थर्मामीटर लावावा. हीटिंग मॅटला थर्मोस्टॅट जोडलेला असावा, नाहीतर पोट भाजायचं!

चौथं कारण ताटातलं. लेपर्ड गेको फळं-भाज्या खात नाही, त्याला किडेच लागतात आणि तेही हलणारे. आपल्या घरातली पाल ट्यूबलाइटजवळ कशी दबा धरून बसते, आठवून पाहा. पतंग निश्चल असेपर्यंत तीही निश्चल. तो फडफडला की झडप! पिल्लाचंही तसंच आहे. मेलेला किडा त्याला अन्नासारखा दिसतच नाही. छोटा रातकिडा सोडला की ते मान वळवतं, शेपटीचं टोक थरथरवतं आणि उडी घेतं. अळी वळवळत नसेल, तर बोथट चिमट्याने धरून तिला हळूच हलवावं. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. मोठ्या रातकिड्याला ते घाबरतं. वाढत्या पिल्लाला रोज पाच-सात छोटे किडे पुरतात. वेळ संध्याकाळची, कारण हा प्राणी तिन्हीसांजेला जागा होतो. आणि उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवायचे नाहीत, भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाला चावतात.

पाचवं कारण आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. चॉकलेट खाल्लेलं मूल पोळी-भाजी खात नाही! पोळ्यातल्या मेणावर वाढणारी एक चरबीदार अळी मिळते, वॅक्सवर्म. पिल्लू काही खात नाही म्हणून ती दिली जाते, ते मिटक्या मारत खातं आणि मग दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. ही अळी सणासुदीची मिठाई समजावी. रोजच्या जेवणात रातकिडे, मीलवर्मच्या अळ्या, पैदास केलेली छोटी झुरळं आलटून पालटून द्यावीत. घरातली झुरळं पकडून देऊ नयेत, त्यांच्या पोटात कीटकनाशक असू शकतं.

किडे देण्याआधी दिवसभर त्यांना गाजर, पालेभाजी खाऊ घालतात, म्हणजे ते सत्त्व पिल्लाच्या पोटात जातं. शिवाय किड्यांत कॅल्शियम कमी असतं, म्हणून त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. ‘डी-३’ जीवनसत्त्वाचीही सोय पाहावी लागते. याची हयगय झाली तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लिबलिबीत होतो. मग पिल्लाला खायचं असतं, पण किडा धरताच येत नाही. आणि आपण म्हणतो, हट्टी आहे!

हे सगळं तपासलं, तरी खात नसेल तर? सोनाराच्या काट्यासारखा ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घ्यावा आणि दर आठवड्याला वजन वहीत लिहावं. वजन स्थिर असेल तर धीर धरावा. दहावा हिस्सा घटलं, शेपटी काडीसारखी झाली, विष्ठा पातळ झाली किंवा पिल्लू मलूल दिसलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे लगेच न्यावं. पोटात जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी असू शकतो. तोंड उघडून बळेच भरवणं मात्र घरी करू नये. नाजूक जबडा दुखावतो, अन्न श्वासनलिकेत जातं. तीन ग्रॅमच्या जिवाला तेवढंही पुरतं. आणि पालीला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचेच, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जंतू येऊ शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तर दूरच ठेवावं.

हे वाचून घरातल्या बाळगोपाळांना हौस आलीच, तर एक सांगायला हवं. लेपर्ड गेकोचं एक भावंड महाराष्ट्र-गुजरातच्या खडकाळ भागात राहतं. लोक त्याला विषारी समजून मारतात. वास्तविक जगातली एकही पाल विषारी नाही. त्याला मारू नये आणि पकडून पेटीतही घालू नये. रानातला जीव घरी आणणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. निरखायला भिंतीवरची पाल आहेच. ती चारा मागत नाही, हीटिंग मॅट मागत नाही, उलट आपल्या घरातले डास-झुरळं फुकटात कमी करते. तिची मागणी एकच, तेवढा झाडू खाली ठेवा!