साडेचार लाखांचं इंजेक्शन आणि हृदयाची न सांगितलेली गोष्ट

गेल्या महिन्यात ओळखीतला एक मुलगा फाईल घेऊन घरी आला. वडिलांना दीड वर्षापूर्वी अटॅक येऊन गेलाय, इकोमध्ये पंपिंग २५ टक्के. म्हणाला, "सर, एका ठिकाणी स्टेम सेल देतात. कमरेच्या हाडातून काढायचे आणि हृदयात सोडायचे. साडेचार लाख सांगितलेत. अर्धा एकर द्यायचं म्हणतोय. तुम्ही जरा बघा." सोबत गुळगुळीत कागदावरचं मराठी माहितीपत्रक होतं. अस्थिमज्जेतल्या पेशींपासून हृदयाचा नवा स्नायू तयार होतो, हे अमेरिकेत सिद्ध झालंय, असं त्यात लिहिलेलं.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, एवढंच. पण या एका वाक्याची गोष्ट मला माहीत आहे आणि ती मराठीत फारशी कुणी सांगितलेली नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी मूळ अडचण. कातडी कापली तर भरून येते, हाड मोडलं तर जुळतं. हृदयाचं तसं नाही. मोठ्या अटॅकमध्ये हृदयस्नायूच्या शंभर कोटीच्या घरात पेशी मरू शकतात. त्या जागी वण तयार होतो. वण म्हणजे ठिगळ. ते भोक बुजवतं, पण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर ताण येतो आणि पंपिंग उतरत जातं. म्हणून मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, नवा स्नायू तयार झाला तर ते खरोखर वरदानच ठरेल.

२००१ मध्ये 'नेचर'मध्ये नेमकं हेच छापून आलं. न्यूयॉर्क मेडिकल कॉलेजातले पिएरो अँव्हर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटॅक आणलेल्या उंदरांच्या हृदयात अस्थिमज्जेतल्या पेशी सोडल्या. नऊ दिवसांत मेलेल्या भागापैकी ६८ टक्के जागा नव्या स्नायूने भरली, असा त्यांचा दावा होता. जगभर गाजावाजा झाला. लवकरच युरोपात रुग्णांवरही प्रयोग सुरू झाले. २००३ मध्ये याच गटाने पुढचा दावा केला की प्रौढ हृदयातच स्वतःच्या मूलपेशी असतात. पुढे अँव्हर्सा हार्वर्डशी संलग्न असलेल्या बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयात गेले. दबदबा आणखी वाढला.

पण विज्ञानात एकाने सांगितलेलं दुसऱ्याला करून बघता आलं पाहिजे. सिएटलचे चार्ल्स मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून पाहिलं. कोणती पेशी कुठे गेली आणि तिचं काय झालं, हे कळावं म्हणून पेशींवर जनुकीय खुणा केल्या. १४५ प्रत्यारोपणं केली. अस्थिमज्जेच्या पेशीची हृदयस्नायूपेशी झालेली त्यांना दिसली नाही. हे २००४ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये छापून आलं. त्याच अंकात स्टॅनफर्डच्या गटाचाही निष्कर्ष तसाच होता.

२००९ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने फार हुशारीचं काम केलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला होता. तो अन्नातून माणसाच्या डीएनएत उतरला. त्यावरून पेशीचा जन्म केव्हाचा, याचा अंदाज बांधता येतो. उत्तर असं आलं: पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का हृदयस्नायूपेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणजे आयुष्यभरात निम्म्याही बदलत नाहीत. हृदय नवं होतं, पण गोगलगायीच्या गतीने. २०१४ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की अँव्हर्सांच्या त्या 'हृदयातल्या मूलपेशीं'पासून बनणारा स्नायू ०.०३ टक्के किंवा त्याहूनही कमी असतो.

२०१७ मध्ये ब्रिगहॅम आणि तिच्या मातृसंस्थेने अमेरिकी सरकारला एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. बनावट माहितीच्या आधारे संशोधनाचा सरकारी निधी मिळवल्याचा आरोप होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅमनेच सांगितलं की या प्रयोगशाळेच्या ३१ शोधनिबंधांत बनावट किंवा फिरवलेली माहिती आहे, ते मागे घ्यावेत. माणसांवरच्या प्रयोगाबद्दल २०११ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेला त्यांचा निबंध २०१९ मध्ये मागे घेतला गेला. अँव्हर्सांनी स्वतः गैरकृत्य केल्याचं नाकारलं, हेही नोंदवतो.

आता माझा मुद्दा. दावा केला २००१ मध्ये, तीन वर्षांत तो डळमळला, आणि कागदोपत्री झाडलोट व्हायला सतरा-अठरा वर्षं लागली. तरी तिकडे ती झाली. आपल्याकडे जाहिरात मराठीत पोचली, खंडन इंग्रजीतच राहिलं. 'हृदय पुन्हा तरुण होणार' अशी बातमी मोठ्या अक्षरांत येते. 'ते खरं नव्हतं' ही बातमी येत नाही, आली तरी आतल्या पानावर दोन ओळी. त्या मधल्या फटीत कुणाचं तरी अर्धा एकर जातं.

काही जण म्हणतील, माणूस स्वतःच्या पैशाने प्रयत्न करतोय, तुमचं काय जातं? जातं त्या माणसाचंच. पैसे जातात, वेळ जातो, आणि 'आता नवीन पेशी आल्यात' म्हणून चालू गोळ्या बंद करणारे पेशंट मी पाहिलेत. खरा उपयोग त्या गोळ्यांचाच असतो. शिवाय चाचणीबाहेर दिलेल्या इंजेक्शनचा हिशोब कुणी ठेवत नाही. म्हणजे पुढच्या पेशंटलाही त्यातून काही कळत नाही.

कायदा-नियम नाहीत असंही नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं अजून प्रयोग आहे. तो परवानगी घेऊन, नोंदणी केलेल्या चाचणीतच करायचा. आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

म्हणून कुणी असं इंजेक्शन सांगितलं तर तीन प्रश्न विचारा. ही चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? चाचणी असेल तर पैसे कशाचे? काही झालं तर भरपाई कोण देणार? क्रमांक मिळाला तर सीटीआरआयच्या वेबसाइटवर फुकट तपासता येतो. आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे माझी मागणी साधी आहे: हे तीन प्रश्न मराठीत छापून प्रत्येक हृदयरोग ओपीडीच्या दारावर लावा. खर्च एका कागदाचा.

मग आशाच सोडायची का? अजिबात नाही. २००४ मध्ये 'नाही' म्हणणाऱ्या त्याच मरी यांच्या गटाने २०१४ मध्ये मानवी भ्रूणपेशींपासून प्रयोगशाळेत हृदयस्नायूपेशी बनवल्या आणि माकडांच्या हृदयात त्या रुजवून दाखवल्या. ठोके अनियमित झाले, तेही त्यांनी लपवलं नाही, निबंधात लिहिलं. जर्मनीत ग्यॉटिंगेनचा गट प्रयोगशाळेत वाढवलेला स्नायूचा तुकडा हृदयावर बसवून चाचणी घेतोय. यातून एक दिवस उपचार निघेलही. पण काय चुकलं ते आधी सांगणाऱ्यांकडूनच तो निघेल, असं मला वाटतं.

त्या मुलाने परवा तिथे फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. "डॉक्टर बाहेर आहेत, कळवतो," असं उत्तर मिळालं. अजून कळवलेलं नाही. वडिलांच्या गोळ्या नियमित चालू आहेत. अर्धा एकरात सध्या सोयाबीन आहे.