तपासणीत काख विसरू नका

डोंबिवली, कल्याण किंवा ठाण्याहून लोकलने जाणारी बाई काख दुखली तर कडी धरून हात आखडला असेल, असे म्हणते. न दुखणारी गाठ मात्र ती महिनोन्‌महिने अंगावर काढते. खरी काळजी या दुसऱ्या गाठीची आहे.

छातीचे आणि पाठीचे स्नायू यांमधल्या या पोकळीतून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात. भोवती साधारण २० ते ३० लसिकाग्रंथी असतात. स्तनातील सुमारे ७५ टक्के लसिका त्यांच्याकडेच येते. म्हणून स्तनाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा आधी काखेत पोचतो.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते.

सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढे ही तपासणी आहे. पण शिबिरात आडोसा नसेल, घाई असेल, तर काख राहून जाते. हात वर ताणला की कातडी ताठते आणि खोलची गाठ लागत नाही. हात सैल सोडूनच चाचपावे लागते. यंत्र लागत नाही, पडदा आणि दोन मिनिटे लागतात.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. गळू, हाताची जखम, क्षयरोग ही कारणेही असतात. पण दोन-तीन आठवडे टिकलेली, न दुखणारी, टणक गाठ बाईची असो वा पुरुषाची, डॉक्टरांना दाखवावीच.