पाया बुजवण्याआधी एकदा येऊन पाहा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे

विषय : घराचे आणि अंगणाचे काम गवंड्याला किंवा ठेकेदाराला देताना गावकऱ्याला मिळायची मदत

महोदय,



शिरूर तालुक्यातल्या आमच्या इनामगावात सध्या बांधकामाला तोटा नाही. उसाचे बिल हातात आले, पोरगा रांजणगावच्या एमआयडीसीत कायम झाला किंवा घरकुलाचा हप्ता जमा झाला, की पहिला फोन गवंड्याला जातो. दुसरा जातो पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याला. सारवलेले अंगण आता कोणाला नको आहे आणि सारवणारीला तर मुळीच नको आहे, त्यात तिचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण हा फोन कोणाला करावा, भाव ठरवताना काय विचारावे, पैसे कोणत्या टप्प्यावर सोडावेत, हे सगळे गावात ऐकीव माहितीवर चालते. चहाच्या टपरीवर कोणी म्हणाले ‘त्याचं काम चांगलंय’, की ठरले. जन्माची पुंजी अशा एका वाक्यावर लागते, म्हणून हे पत्र.

आमची जमीन काळी. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि परतीच्या पावसात ती फुगते. पाऊस आमच्याकडे बेताचाच, पण पाण्याची सोय झाल्यापासून ऊस घराच्या भिंतीपर्यंत आला आहे. त्यामुळे घराची एक बाजू बारमाही ओली आणि दुसरी कोरडी. ओली बाजू वर उचलते, कोरडी खाली बसते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. गवंडी येऊन पाहतो आणि सांगतो, सिमेंट खराब आले असेल. सिमेंटची गोणी काही बोलू शकत नाही, तेव्हा विषय तिथेच मिटतो.

थंड देशांत हेच काम बर्फ करते. जमिनीतले पाणी गोठते, फुगते आणि वरची फरसबंदी, पायऱ्या, कधी कधी पायासुद्धा उचलते. म्हणून टोरांटोसारख्या ठिकाणी गोठण पोचत नाही अशा खोलीवर, साधारण चार फूट खाली, पाया नेतात. तिथे घर घेतलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट अंगणाचे काम काढण्याआधीच कळते, कारण तिथला बांधणारा तीच आधी बोलतो. आमच्याकडे मातीबद्दल कोणी बोलत नाही. ज्ञान नाही म्हणून नव्हे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या काळ्या मातीवर वर्षानुवर्षे काम केले. न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर मध्ये दिला तर खालची काळी माती दबून राहते, हे त्यांनी मांडले आणि कालव्यांच्या अस्तराखाली ते वापरातही आले. इनामगावच्या घराच्या भाषेत सांगायचे तर काळी माती काढा, चांगला मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थराला पाणी मारा आणि धुम्मस किंवा रोलरने चोपा. नुसती वाळू किंवा कच भरून भागत नाही, कारण त्यातून पाणी सरळ खालच्या काळ्या मातीत उतरते आणि ती पुन्हा फुगायला मोकळी.

माझ्याच अंगणाचे सांगतो. ब्लॉक बसवणारा शेजारच्या गावचा, चौरस फुटाच्या भावाने काम घेतलेला. त्याचे नाव लिहीत नाही, कारण त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. अर्धी रक्कम उचल म्हणून आधीच घेतलेली. सकाळी ट्रॉलीभर कच ओतली, फळी ओढून सारखी केली, दोरी लावली आणि दिवस मावळायच्या आत ब्लॉक मांडून, सांध्यांत सिमेंटची पेस्ट ओतून हिशेब मागितला. दिसायला काम इतके देखणे की आळीतली माणसे पाहायला आली. पहिल्याच पावसाळ्यात उसाच्या ट्रॉलीच्या चाकांनी दोन सऱ्या पडल्या, चार बोटे खोल. कडेला आधार नसल्याने शेवटची रांग मोरीकडे सरकली आणि तिच्यामागून बाकीच्या सुटत गेल्या. उकरून पाहिले तर कचेखाली थेट काळी माती आणि त्या मातीत तुरीची जुनी धसकटे जशीच्या तशी.

ब्लॉक मात्र चांगला होता. फक्त या कामाचा नव्हता. पेव्हर ब्लॉकला भारतीय मानक आहे, आयएस 15658. त्याप्रमाणे हलक्या रहदारीला 60 मिलिमीटर जाडीचा, एम-35 प्रतीचा ब्लॉक लागतो आणि मध्यम रहदारीला 80 मिलिमीटरचा, एम-40 प्रतीचा. दारात मोटारसायकल येणार की ऊस भरलेली ट्रॉली, हा प्रश्न म्हणून सगळ्यात आधी विचारायला हवा. तो ठेकेदाराने विचारला नाही, आणि विचारायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ब्लॉकखालची वाळू 20 ते 40 मिलिमीटरच असावी, भार सोसायचा तो तिच्याखालच्या चोपलेल्या थराने. सांधे बारीक वाळूने भरावेत, कडेला काँक्रीटमध्ये काठ पक्का करावा, दहा फुटांना दोन इंच उतार घराच्या उलट दिशेला द्यावा. एवढे कागदाच्या अर्ध्या पानावर बसते. ते अर्धे पान जिल्ह्यातल्या एकाही ग्रामपंचायतीच्या फलकावर मी पाहिलेले नाही. करवसुलीच्या नोटिसा मात्र वेळेवर लागतात.

आमच्या गावाचे नाव जगाला ठाऊक आहे तेही घरांमुळेच. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात घोड नदीकाठच्या पांढरीत उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली शंभरावर घरे त्यांना सापडली. मधल्या काळात चौकोनी, कुडाची, बुटक्या मातीच्या भिंतींची. शेवटच्या काळात, दिवस वाईट आल्यावर, गोल झोपड्या. पुराचे पाणी वळवायला बांधलेला दोनशे मीटरहून लांब बांध आणि त्याला लागून चारी. खांबांचे खळगे, चुली, चोपलेल्या जमिनी, सगळे थर आडवे कापून, मोजून, लिहून ठेवले आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने घराखाली काय घातले याची नोंद पुण्यात आहे आणि मागच्या वर्षी बांधलेल्या घराखाली काय आहे याची नोंद कोणाकडेच नाही.

घरकुलाचेही तसेच. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण 2016 साली सुरू झाली तेव्हा घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, शासनाने ठेकेदार नेमायचा नाही, असे तिच्यात ठरले. तत्त्व उत्तम आहे. घर किमान 25 चौरस मीटरचे आणि सपाट भागात मदत 1 लाख 20 हजार. पण ठेकेदार नाही म्हटल्यावर गवंडी पारखायची जबाबदारी त्या विधवेवर किंवा भूमिहीन मजुरावर येऊन पडते, ज्याने आयुष्यात कोणालाच कामावर ठेवलेले नाही. हप्त्यासाठी टप्प्याटप्प्याने फोटो काढतात. फोटोत जोते दिसते, जोत्याखालची भर दिसत नाही.

याच योजनेत ग्रामीण गवंड्यांना 45 दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. जिल्ह्यात असे गवंडी कोण, हे आपल्या कार्यालयाला माहीत असणार. शिवाय बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारा 90 दिवस काम केल्याचा दाखला गावपातळीवर ग्रामसेवकही, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, देतात. गवंडी, बिगारी, फरशीवाले, असा दाखला घेतलेल्यांची नावे दप्तरात असणारच. म्हणून पहिली विनंती, त्या नावांची यादी, प्रशिक्षित कोण याच्या खुणेसह, गावागावात लावा; त्याला वेगळा निधी लागणार नाही. आमच्याकडे हात कुशल असलेली माणसे कमी नाहीत. ओळंब्याशिवाय नजरेने भिंत सरळ उभी करणारे गवंडी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या दगड घडवणारी वडार समाजाची घरे आहेत. चांगल्या गवंड्यालाही अशा यादीचा फायदाच आहे, कारण आज त्याला त्याच कच ओतणाऱ्याच्या भावाशी स्पर्धा करावी लागते.

दुसरे, कराराचा मराठी नमुना छापा. कामाचे माप, थरांची जाडी, ब्लॉकची प्रत, पैशांचे टप्पे आणि शेवटची काही रक्कम एक पावसाळा काढल्यावर द्यायची अट. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात 2002 च्या ग्राहक कायद्यानुसार करारात अंदाजे रक्कम लिहिली असेल तर ठेकेदाराला तिच्यावर 10 टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. आपल्याकडेही 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा घरबांधणीला सेवा मानतो आणि जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण तिथे न्यायचा कागदच आमच्याकडे नसतो. वहीच्या पाठीमागे लिहिलेला उचलीचा आकडा आणि खाली अर्धवट सही, एवढाच आमचा करार. गावात कागद मागितला की अविश्वास दाखवल्यासारखे होते. नमुना जिल्हा परिषदेचा असला तर तो संकोच उरणार नाही, ‘वरून सांगितलंय’ म्हणता येईल.

आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे ग्रामीण गृहनिर्माण अभियंते आहेत, बांधकाम विभागाचे शाखा अभियंते आहेत. त्यांच्यापैकी एकाने महिन्यातला एक ठरलेला दिवस प्रत्येक मोठ्या गावाला द्यावा आणि त्या दिवशी उघडे पाये पाहावेत. घरकुल असो वा स्वखर्चाचे घर, ज्याला दाखवायचे त्याने नाव नोंदवावे, थोडे शुल्कही घ्या. पाया किती खोल गेला, काळी माती निघाली का, मुरूम चोपला का, एवढेच पाहून दोन ओळी लिहून द्याव्यात. काम संपल्यावर आलेल्या अभियंत्याला रंग आणि फरशी दिसते, आणि ती तर आम्हालाही दिसते.

आमच्याकडे बांधकामे दिवाळीनंतर निघतात आणि मृगापर्यंत चालतात. यादी, नमुना आणि पायापाहणीचा दिवस, यांपैकी सगळे यंदा जमले नाही तरी पायापाहणीचा दिवस दिवाळीआधी जाहीर करावा आणि त्याची सुरुवात शिरूर तालुक्यातून करावी, ही विनंती.

आपला,
इनामगावचा एक ग्रामस्थ